पश्चिमतोंडी मैदान

हॅलिंग, आयोवा
९ फेब्रुवारी २०२३

प्रिय व्हर्लिन,

फोनच करणार होते. पण फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला इतकं ओरडावं लागतं की शेजारची डॉर्डी दार वाजवून "लव्हॉन, सगळं ठीक आहे ना?" असं विचारायला येते. म्हणून पत्र. तू कानात ते यंत्र घालत नाहीस, नुसतं ड्रॉवरमध्ये ठेवतोस, हे तुझ्या मुलीने मला सांगितलंय.

बातमी अशी की आपलं बेसबॉलचं स्टेडियम पाडताहेत. शेवटची मॅच ६ मे. नंतर बुलडोझर. त्याच जागेवर नवं होणार, पण फिरवून. बॅटरची होम प्लेट नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आणि तोंड ईशान्येला, जगातल्या सगळ्या शहाण्या मैदानांसारखं. म्हणजे बॅटरच्या डोळ्यांत आता ऊन जाणार नाही. म्हणजे सूर्यथांबाही नाही.

आता विचार कर, सूर्यथांब्याशिवाय हॅलिंगची मॅच! आजच्या पोरांना वाटतं, सातव्या इनिंगला खेळ थांबतो तो चर्चच्या बायकांचा रुबार्बचा केक खपावा म्हणून. अंपायर हात वर करतो, सूर्य सोसायटीच्या धान्याच्या कोठीमागे जाईपर्यंत वीस मिनिटं सगळे खातात, गप्पा मारतात, मग खेळ सुरू. तो नियम का आला हे विचारलं तर खांदे उडवतात.

तर कॉलेजने मला स्टेडियमच्या इतिहासाची छोटी पुस्तिका लिहायला सांगितलीय. एकेचाळीस वर्षं त्यांच्या लायब्ररीत होते, त्यामुळे म्हातारी आहे तोवर लिहून घ्या, असा विचार दिसतोय. मी लगेच हो म्हटलं. खरं कारण तुला सांगते. या गावात कुणी गाडी चुकीच्या रस्त्याला वळवली तरी लोक म्हणतात, "नेल्स हाउगस्टाडने मैदान आखलं तसं झालं." मीही हसते. पण ते माझे बाबा होते रे. साठ वर्षं गावाने हसून घेतलं. एकदा मला तो माणूस नीट लिहायचाय, गावाच्या हातात छापील देऊन मग मरायचंय.

पन्नासच्या दशकात खेळलेल्यांपैकी तू एकटाच उरलायस. तेव्हा दोन गोष्टी लिहून पाठव. बाबांनी मैदान कसं आखलं, आत्येच्या घरी याच्या काय काय कथा होत्या ते. आणि १९६० सालची ती एप्रिलमधली मॅच, जिच्यात रॉजर टीटजेनचा डोळा गेला. पिचर तूच होतास. तुझ्याइतकं जवळून कुणी पाहिलं नसेल.

इथे उणे अठरा आहे. तू संत्री खात बस.

तुझी,
लव्हॉन


मेसा, ॲरिझोना
२१ फेब्रुवारी

प्रिय लव्हॉन,

संत्री खात नाही, डॉक्टरने बंद केली. साखर. त्यामुळे जळायचं कारण नाही.

नेल्समामाची गोष्ट आमच्या घरी दर ख्रिसमसला व्हायची. माझे वडील सांगायचे, माझी आई म्हणायची, "पुरे आता, माझा भाऊ आहे तो," आणि मामा समोर बसून हसायचा. ती अशी.

१९४९ साली कॉलेजने जमीन दिली, बाकी काही दिलं नाही. शेतकऱ्यांनीच सगळं केलं. मैदान आखायचं कुणी, तर ज्याच्या मक्याच्या ओळी सगळ्यात सरळ असतात त्याने. म्हणजे नेल्स हाउगस्टाड. मामाने घरून पेरणीची तार आणली. चौकोनी पेरा पडावा म्हणून शेतभर ताणायची ती गाठींची तार, आता कुणाला माहीतही नसेल. एक टोक रस्त्याकडेच्या कुंपणाच्या खांबाला बांधलं, आणि निघाला सरळ पश्चिमेला. आपल्या तालुक्यात रस्त्याला काटकोनात नाही असं काही आहे का? शेतं तशी, घरं तशी, चर्च तसं. माणसाला पुरतातसुद्धा रस्त्याला काटकोनात. मैदान तिरकं आखायचं असतं हे मामाच्या स्वप्नातही आलं नसेल. आलं असतं तरी त्याला ते अव्यवस्थित वाटलं असतं.

आणि बसायची जागा पूर्वेला, रस्त्यालगत का? कारण एप्रिलचा चिखल. गाड्या आत नेल्या असत्या तर जूनपर्यंत निघाल्या नसत्या. हे तुझ्या पुस्तिकेत नक्की लिही. दगडी चर्च झालं तेव्हा जुन्या लाकडी चर्चचे बाक स्टेडियमला दिले. त्यांच्या मागे प्रार्थनेची पुस्तकं ठेवायच्या फळ्या होत्या, लोक त्यात शेंगदाणे ठेवायचे. कुंपणाची भिंत झाली ती मोडलेल्या मक्याच्या कणगीच्या फळ्यांची.

आता ऐक. सुरुवातीला मॅच दीडला सुरू व्हायची. सूर्य डोक्यावर. सहा वर्षं कुणाची तक्रार नाही. मग खेळाडू रसायनशास्त्राच्या प्रयोगाला दांड्या मारतात म्हणून कॉलेजने मॅच साडेतीनला नेली, आणि शेवटच्या इनिंगांना सूर्य आला बरोबर पिचरच्या डोक्यावर. मग सगळ्यांना आठवलं की मैदान नेल्सने आखलंय! चूक मामाची की रसायनशास्त्राची, तूच ठरव.

त्या १९६० च्या मॅचबद्दल नवीन काही नाही. ऊन होतं, पोराला चेंडू दिसला नाही, लागला. तेव्हा डोक्यावर कापडी टोपीच असायची. पेपरात सगळं आलंय, तिथून घे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माझ्याकडून ते पुन्हा उकरून घेऊ नकोस.

आणि मामाला फार दोष देऊ नकोस. चांगला माणूस होता. मला तर तो कधीच रागावला नाही.

तुझा,
व्हर्लिन


हॅलिंग
६ मार्च

प्रिय व्हर्लिन,

पत्र वाचून पोट धरून हसले. माणसाला पुरतातसुद्धा काटकोनात! हे तसंच्या तसं छापणार, पाद्रीबुवा काय म्हणायचं ते म्हणोत.

पण तू म्हणतोस, मामाला दोष देऊ नकोस. मी कशाला देऊ? तो द्यायचं काम बाबांनी स्वतःच केलं. तुला सगळं ठाऊक नाही, कारण तू पुढच्या वर्षी पास होऊन निघून गेलास. त्या दिवसानंतर बाबा स्टेडियमच्या आत गेले नाहीत. आधीची अकरा वर्षं एक मॅच चुकवली नव्हती त्यांनी. नंतरची चौदा वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, मॅचच्या दिवशी पिकअप घेऊन जायचे, बाहेर रस्त्यावर उभी करायचे आणि काच खाली करून आतला आवाज ऐकत बसायचे. मी कॉफी घेऊन जायची. "बाबा, आत चला ना." "नको गं. मी इथे बरा." पहिल्या वर्षी तू खेळत होतास तेव्हा विचारायचे, "व्हर्लिनचा हात कसा चाललाय?" दर ख्रिसमसला टीटजेनांच्या घरी पत्र लिहायचे. उत्तर कधी आलं नाही. तरी लिहायचे. आई म्हणायची, "नेल्स, बस कर." ते म्हणायचे, "दिशा माझी चुकली, पोस्टाचं तिकीट तरी माझं असू दे."

हे सगळं मी पुस्तिकेत घालणार आहे. पण मध्येच दोन गोष्टी समोर आल्यात आणि मला झोप नाही.

एक. मिस फ्योल्ड आठवते? गणिताची, जी धावांची वही ठेवायची. तिच्या सगळ्या वह्या तळघरातल्या खोक्यात सापडल्या. मॅच साडेतीनला गेल्यापासून ती प्रत्येक इनिंगच्या सुरुवातीला वेळ लिहायची आणि शेजारी खूण करायची. ऊन असेल तर छोटा सूर्य, ढग असेल तर आडवी रेघ. पाच वर्षांच्या वह्या पाहिल्या, एक खूण चुकलेली नाही. २२ एप्रिल १९६० च्या पानावर पहिल्या सहा इनिंगना सूर्य आहे. आठवीला सूर्य आहे. सातवीला रेघ. पाच वाजून वीस मिनिटं. आणि टीटजेनला चेंडू लागला तो सातवीत, तिचा पहिलाच बॅटर तो.

दोन. मी रॉजर टीटजेनच्या मुलीला फोन केला. जोलीन नाव तिचं. रॉजर २०११ मध्ये गेला. मी विचारलं, तुमचे वडील त्या दिवसाबद्दल काय सांगायचे? ती म्हणाली, "बाबा एकच सांगायचे. ऊन नव्हतं. मला चेंडू दिसत होता, तो सरळ माझ्याकडे आला. आम्ही ‘बरं बाबा’ म्हणायचो आणि विषय बदलायचो. डोक्याला मार लागला की आठवणी उलटसुलट होतात असं डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. शेवटी शेवटी ते बोलायचेच बंद झाले."

व्हर्लिन, तू त्याच्यापासून साठ फुटांवर उभा होतास. मला फक्त एवढं सांग. ढग आला होता का रे?

तुझी,
लव्हॉन


मेसा
१४ मार्च

लव्हॉन,

मिस फ्योल्डला फळ्यावरचं स्वतःचं अक्षर दिसायचं नाही, आकाश काय दिसणार! आणि ज्याच्या डोक्याला चेंडू लागला त्याची साक्ष काढायची म्हणजे कमालच झाली. अंपायरने लिहून दिलं, पेपराने छापलं, आठशे लोकांनी पाहिलं. ऊन होतं. मी तिथे होतो, तू बाकांवर मैत्रिणींबरोबर खिदळत होतीस.

सगळं आयुष्य लायब्ररीत घालवलं की माणसाला वहीतली रेघ खरी वाटते आणि समोरचं माणूस खोटं. तुला मामाचं नाव धुऊन काढायचंय, समजतं मला. पण त्यासाठी नवीन गोष्ट रचू नकोस. हा विषय इथे बंद.

व्हर्लिन


हॅलिंग
२७ मार्च

प्रिय व्हर्लिन,

दोन आठवडे तुझं पत्र टेबलावर होतं. पहिले चार दिवस मी रागावले. खिदळत होते हे खरं आहे, सोळा वर्षांची होते.

मग विचार केला. तू माझा आतेभाऊ. बाबा गेले तेव्हा ॲरिझोनाहून दोन दिवस सलग गाडी चालवत आलास, शवपेटीला खांदा दिलास. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर रोज फोन केलास. माझ्याशी तू आजवर एकदाही खोटं बोलला नाहीस. एक रेघ आणि एक मेलेला माणूस यांच्यापायी मी तुला खोटं ठरवायचं? नाही जमणार. तू म्हणतोस ऊन होतं, तर ऊन होतं.

त्या पानाचा मजकूर सोबत पाठवतेय. वाचून बघ:

"नेल्स हाउगस्टाड यांनी मैदान चुकीच्या दिशेला आखले. या चुकीमुळे २२ एप्रिल १९६० रोजी समोरच्या उन्हात चेंडू न दिसल्याने पाहुण्या संघाचा खेळाडू रॉजर टीटजेन याचा डावा डोळा गेला. त्यानंतर सूर्यथांबा सुरू झाला. रॉजर यांनी आयुष्यभर ऊन नसल्याचे सांगितले, परंतु ते डोक्याला झालेल्या इजेमुळे असावे."

खाली एक ओळ रिकामी आहे. तिथे "हे मी प्रत्यक्ष पाहिले" असं लिहून सही कर. कॉलेजला साक्षीदार हवाय आणि त्या दिवशी मैदानात उतरलेलं दुसरं कुणी जिवंत नाही. वीस एप्रिलला छपाईला जायचंय, त्याआधी पाठव.

माझ्या हाताने बाबांबद्दल हे वाक्य लिहिताना काय वाटलं ते नाही सांगत. पण खरं असेल ते लिहायचं, हे त्यांनीच शिकवलंय.

लव्हॉन


मेसा
१६ एप्रिल

लव्हॉन,

पान परत पाठवतोय. सही केलेली नाही. तीन वेळा पेन उचललं.

ढग आला होता.

पाचव्या इनिंगला टीटजेनने माझा चेंडू कणगीच्या भिंतीवरून पलीकडच्या शेतात घालवला. इथवर ठीक. पण चारही बेसना फेरी मारताना माझ्याजवळून जाताना तो म्हणाला, "चेंडू शेतात गेलाय रे. तुझ्या त्या पेरणीच्या तारेवाल्या मामाला सांग, आलाच आहे तर पेरून टाक म्हणावं." आपली पोरंसुद्धा हसली. आमचा पहिला बेसवाला हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती उतरलीच नाही.

सातवीला तो पुन्हा आला. सोसायटीच्या कोठीमागून ढग वर आला होता, सगळं मैदान सावलीत. गार वाटलं होतं, मला आठवतं. मला चेंडूवरची शिवण दिसत होती आणि त्याला मी दिसत होतो. आम्ही पिचर लोक करायचो ते मी ठरवलं. अंगावर टाकायचा, बरगड्यांत बसला की शहाणा होतो. डोळ्यावर मारायचा नव्हता, लव्हॉन. हे देवाशपथ सांगतो. पण मारायचा होता. चेंडू हातातून निघाला तेव्हाच कळलं की वर गेला.

तो पडला, सगळे धावले. डॉक्टर गर्दीतून येईपर्यंत चार-पाच मिनिटं गेली असतील, आणि तेवढ्यात ढग सरकला. सगळं ऊन पुन्हा समोर. जो तो डोळ्यांवर हात धरून टीटजेनकडे बघत होता. अंपायर म्हणाला, "या उन्हात पोराला दिसणार तरी काय!" बस. तिथून पुढे सगळ्यांना तसंच आठवायला लागलं. मला त्या एका मिनिटात तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं. दुसऱ्या दिवशी ते जड गेलं असतं, महिन्याने त्याहून जड. साठ वर्षांनी तू विचारलंस आणि मी तुलाच खिदळणारी म्हटलं.

पण हे एवढंच असतं तर कदाचित मी सही करून टाकली असती. इतका मी वाईट आहे. पुढचं कुणालाच माहीत नाही. माझ्या बायकोलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा हॉस्टेलवर आला. शनिवार होता, तरी चर्चचा कोट घातला होता. हॅट हातात धरून दारात उभा राहिला. मला वाटलं, याला कळलं. तो म्हणाला, "व्हर्लिन, काल जे झालं त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या हातून झालं पण तुझं नाही ते, माझं आहे. मी दिशा चुकलो. त्या पोराची माफी मागायला मी जाणारच आहे, पण आधी तुझी मागायला आलो. तुझ्यावर मी हे आणलं. मला माफ कर, पोरा."

आणि मी त्याला माफ केलं.

"जाऊ दे मामा, होतं असं," म्हणालो. खांद्यावर हात ठेवला. तो रडला. आपल्याकडची माणसं रडतात का कधी? माझ्यासमोर रडला तो. रुमालाने तोंड पुसलं, हॅट घातली आणि गेला. तू लिहिलंस की पिकअपमध्ये बसून तो माझ्या हाताची चौकशी करायचा. ते वाचलं आणि मी उठून अंगणात जाऊन उभा राहिलो. मुलीला वाटलं मला झटका आला.

ती पिकअप मला माहीत होती, लव्हॉन. शेवटच्या वर्षी मी दर मॅचला तिच्याशेजारून जायचो. हात करायचो. तोही करायचा.

माझे डॉक्टर मला विमानात बसू देत नाहीत, नाहीतर स्वतः आलो असतो. सहा मेला सूर्यथांब्याच्या वेळी हे पत्र लाउडस्पीकरवरून वाच. माझ्या नावासकट, मामाच्या माफीसकट. एक अक्षर गाळू नकोस, मला सांभाळून घेऊ नकोस. आणि जोलीनला बोलाव. तिला मी वेगळं लिहितोय, पण तिने ते चारचौघांत ऐकायला हवं. तिच्या बापाला चारचौघांतच खोटं ठरवलं होतं.

व्हर्लिन


हॅलिंग
२२ एप्रिल

पत्र मिळालं. छपाई थांबवलीय. आत्ता याहून जास्त लिहवत नाही.

ल.


हॅलिंग
८ मे

व्हर्लिन,

तुझं पत्र मी वाचलं. एक अक्षर गाळलं नाही.

आधी कॉलेजचे अध्यक्ष तयार नव्हते. "लव्हॉन, हा आनंदाचा दिवस आहे, लोक जुन्या आठवणी काढायला येणार, त्यात हे कशाला?" मी म्हटलं, "ही जुनीच आठवण आहे." ते म्हणाले, "पुस्तिकेत घाला, शेवटच्या पानावर." मी म्हटलं, "शेवटच्या पानावर चर्चच्या केकची कृती आहे." मग त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव लिहिलं.

मॅच मुद्दाम साडेचारला ठेवली होती, सूर्यथांबा चुकू नये म्हणून. अकराशे माणसं होती. बाक कमी पडले, लोक गवतावर बसले. पलीकडच्या शेतात कुणीतरी पेरणी करत होतं. सातव्या इनिंगला अंपायरने हात वर केला तर टाळ्या, शिट्ट्या, शेवटचा म्हणून सगळे उभे राहिले. आणि मी तुझा कागद घेऊन माइकपाशी गेले. लोकांना वाटलं म्हातारी आता गोड काहीतरी बोलणार.

"ढग आला होता" इथपर्यंत लोक खात होते, बोलत होते. नंतर नाही. बाबांच्या हॅटपाशी माझा कागद खाली आला. मी थांबले, तर मागून ऑरिन स्टेनबर्ग ओरडला, "सावकाश वाच, लव्हॉन, आम्ही कुठे जात नाही." तो ऑरिन, ज्याने आयुष्यभर बाबांच्या दिशेवरून विनोद केले! मी पुन्हा पहिल्यापासून ते वाक्य वाचलं. "आणि मी त्याला माफ केलं," हे वाचल्यावर समोरच्या बाकावरची एक बाई मोठ्याने "अरे देवा" म्हणाली. सूर्य समोर होता आणि सगळे डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते.

जोलीन दुसऱ्या रांगेत होती. तुझं पत्र तिला आधीच मिळालं होतं, पण तिने ते फोडलं नव्हतं. म्हणाली, इथे ऐकल्यावर फोडीन. मी वाचून संपवलं तशी ती उभी राहिली. मला वाटलं निघून जाते. तिने पर्समधून फोन काढला आणि आईला लावला. आई पंच्याऐंशीची आहे, वृद्धाश्रमात असते, तुझ्यासारखीच बहिरी. त्यामुळे ओरडून बोलावं लागलं, आणि सगळ्या स्टेडियमने ऐकलं.

"आई, बाबा खरं बोलत होते. ऊन नव्हतं. आई, ऐकतेस ना? बाबा खरं बोलत होते!"

तीन वेळा सांगितलं तिने. मग खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. दोन अनोळखी बायका तिच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसल्या. तुझं पत्र ती घरी जाऊन वाचणार आहे. उत्तर देईल की नाही माहीत नाही, वाट बघू नकोस.

पुस्तिका जूनमध्ये निघेल. ते पान मी बदललंय. आता तिथे असं आहे की नेल्स हाउगस्टाड यांनी मैदान पश्चिमेला तोंड करून आखलं, ते चुकीचं होतं, आणि रॉजर टीटजेनच्या डोळ्याशी त्याचा काही संबंध नाही. पुढे तुझं पत्र सगळं. ऑरिन मॅचनंतर माझ्याकडे आला, टोपी काढली आणि ती तशीच हातात धरून गाडीपर्यंत गेला. बरं केलं.

माफीचं मला एवढ्यात विचारू नकोस. मी तुझ्यावर इतकी चिडलेय की ताट आपटते, भांडी आपटते, डॉर्डी दोनदा दार वाजवून गेली. चौदा वर्षं, व्हर्लिन. मी कॉफी घेऊन त्या पिकअपपाशी जायची आणि तू हात करून पुढे जायचास. तू हे मला पन्नास वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर मी पळत जाऊन त्या गाडीचं दार उघडलं असतं. तरी मी तुला लिहितेय, आणि तू उत्तर दे.

परवा मॅच संपली, गाड्या गेल्या, मी एकटी घरी आले. जोलीनने आईला फोन लावला ते डोक्यातून जात नव्हतं. मीही फोन उचलला. कुणाला लावणार? आई नाही, आत्या नाही, मिस फ्योल्ड नाही. पोरांनी बाबांना पाहिलेलंच नाही, त्यांना सांगून काय कळणार! बराच वेळ फोन हातात धरून बसले. बाबांना ओळखणारं असं या जगात आता माझ्याखेरीज एकच माणूस उरलंय.

म्हणून तुलाच सांगते. व्हर्लिन, बाबांची चूक नव्हती.

लव्हॉन